अंग वाफशावर असतानाच: मॉइश्चरायझर निवडायचं कसं, लावायचं किती

थंडी पडू लागली की अंग फुटतं. नडगीवर नखाने रेघ ओढली तर ती पांढरी उमटते, आंघोळीनंतर अर्ध्या तासात पिंढऱ्या खाजू लागतात, पायमोजा काढला की आतून पांढरा कोंडा झडतो. मग दुकानातून एक बाटली येते, चार दिवस लावली जाते, फरक दिसला नाही की दुसरी येते. बहुतेक वेळा दोष बाटलीचा नसतो. ती कोरड्या अंगावर आणि गरजेच्या चौथाई प्रमाणात लावलेली असते.

मॉइश्चरायझर बाहेरून पाणी आत भरत नाही, असलेली ओल उडून जाऊ देत नाही. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर रान वाफशावर असताना, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, आच्छादन घातलं तर ओल टिकते. रान भेगाळल्यावर घातलेलं आच्छादन नुसतं पडून राहतं. कातडीचंही तसंच आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तळहात आणि तळपाय सोडले तर तो १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे कागदापेक्षाही पातळ. या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा असतो: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्लं. विटांच्या आत ओल धरून ठेवणारे पदार्थ असतात, त्यांत युरिया आणि लॅक्टिक आम्लाचे क्षारही आले. साबण हा गिलावा धुऊन काढतो, कढत पाणी तो वितळवतं, कोरडी हवा उघड्या पडलेल्या फटींतून पाणी ओढून घेते. म्हणून बाटली विकत घेण्याआधी न्हाणीघरात काय चाललंय ते पाहायला हवं.

आधी आंघोळ सुधारा

बंबाचं किंवा गीझरचं वाफाळतं पाणी थंडीत हवंहवंसं वाटतं, पण अंग लाल होईल इतकं गरम पाणी घेतलं तर नंतर लावलेलं काहीही कमीच पडतं. कोपर बुडवून पाहा. पाणी ऊबदार लागलं पाहिजे, चटका नको. आंघोळ ५ ते १० मिनिटांत उरका.

साबणाचा पीएच (आम्ल-अल्क मोजणारा आकडा, ७ च्या वर गेला की अल्कधर्मी) ९ ते १० च्या आसपास असतो, त्वचेचा साडेचार ते साडेपाच. वेष्टनावरचा ‘टीएफएम’चा आकडा पाहून साबण सौम्य ठरवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. पण तो आकडा साबणात चरबीजन्य भाग किती ते सांगतो. ७६ टक्क्यांच्या वरचा पहिल्या दर्जाचा साबणसुद्धा अल्कधर्मीच असतो. ज्यांचं अंग खरंच फुटतं त्यांनी ‘सिंडेट’ प्रकारची, म्हणजे साबणाऐवजी सौम्य कृत्रिम स्वच्छक वापरून केलेली वडी किंवा साबणविरहित क्लेन्झर वापरावा आणि तोही काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच. हातापायांना आणि पोटाला थंडीत रोज फेस लागत नाही, नुसतं पाणी पुरतं. घासणी आणि नायलॉनची जाळी थंडीपुरती खुंटीला टांगून ठेवा.

दिवाळीतलं अभ्यंगस्नान याला अपवाद नाही. तेल लावून अर्धा तास थांबलात, त्यावर उटणं खसाखसा घासलंत आणि वर पुन्हा साबण लावलात, तर तेलाचा उपयोग फारसा उरत नाही. उटणं दुधात किंवा पाण्यात सैलसर कालवून हलक्या हाताने फिरवा आणि त्या दिवशी साबण वगळा. तेलाचा पातळ थर अंगावर राहिला पाहिजे, अभ्यंगाचा फायदा तोच.

तीन मिनिटं आणि चार चमचे

आंघोळ झाली की पंचाने अंग टिपा. रगडून पुसू नका. त्वचा दमट लागली पाहिजे पण थेंब ओघळायला नकोत. हाच वाफसा. साधारण तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर अंगावर गेलं पाहिजे, म्हणून बाटली न्हाणीघरातच, हाताशी, कोरड्या फळीवर ठेवा. कपाटातून काढेपर्यंत ती वेळ निघून जाते.

आता प्रमाण. सगळ्यांत जास्त चूक इथे होते. त्वचारोगतज्ज्ञ ‘बोटाच्या पेराचं’ माप वापरतात: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एवढं क्रीम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला, बोटांसकट, पुरतं. त्या हिशेबाने एका हाताला ३ पेरं आणि पंजाला १, एका पायाला ६ आणि पावलाला २, छाती-पोटाला ७, पाठ-कमरेला ७, चेहरा-मानेला अडीच. बेरीज ४० पेरांच्या आसपास, म्हणजे २० ग्रॅम.

लोशनच्या बाटलीला हे माप जमत नाही, तेव्हा चहाचा चमचा धरा. तो सपाट भरला की ५ मिलिलिटर. पाऊल धरून एका पायाला जवळजवळ एक चमचा, पंजा धरून एका हाताला अर्ध्याला थोडं कमी, पुढच्या बाजूला पाऊण, पाठीला पाऊण. सगळ्या अंगाला मिळून चार चमचे. एकदा खरोखर चमच्याने मोजून पाहा, मग हाताला अंदाज येतो. २०० मिलिलिटरची बाटली सगळ्या अंगाला दिवसातून एकदा लावली तर १० दिवसांत संपली पाहिजे. ती तुमच्याकडे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरत असेल तर अंग का फुटतं हे वेगळं शोधायला नको.

रोज सगळं अंग माखायची प्रत्येकाला गरज नसते. नडग्या, पावलं, हात एवढंच कोरडं पडत असेल तर १२ ग्रॅम पुरतात आणि ४०० ग्रॅमचा डबा महिनाभर जातो. इसब असलेल्या मोठ्या माणसाला मात्र आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागू शकतं. अशांनी महागडी छोटी बाटली घेऊच नये, पंप असलेला मोठा डबा घ्यावा.

लावताना गोळा एकाच जागी फासू नका. सहा-सात ठिकाणी ठिपके ठेवा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने, म्हणजे पायावर वरून खाली, हात फिरवा. उलट्या दिशेने चोळलं की केसांच्या मुळांशी क्रीम साचतं आणि बारीक पुळ्या उठतात. अंगावर पातळ चकाकी उरली पाहिजे. ती पाच-दहा मिनिटांत कमी होते, तोवर कपडे घालू नका. पूर्ण मुरेपर्यंत चोळत बसायचं नाही. घर्षणाने खाज वाढते.

अंग जास्त कोरडं असेल तर दिवसात दोनदा लावा. दुसरी वेळ झोपण्यापूर्वीची. तेव्हा आंघोळ नसते म्हणून पाण्याचा हात फिरवून लगेच लावा. डॉक्टरांनी औषधी मलम दिलं असेल तर ते आणि मॉइश्चरायझर यांत २० ते ३० मिनिटांचं अंतर ठेवा. एकावर एक फासलं तर मलम पातळ होतं आणि नको तिथे पसरतं.

बाटलीत काय आहे

मॉइश्चरायझरमध्ये तीन प्रकारची कामं करणारे पदार्थ असतात. पाणी धरून ठेवणारे: ग्लिसरीन, युरिया, सोडियम लॅक्टेट, सॉर्बिटॉल, सोडियम हायल्युरोनेट. पेशींमधल्या फटी भरून त्वचा मऊ करणारे: वनस्पती तेलं, मेदाम्लं, सेरामाइड. वरून झाकण घालणारे: पेट्रोलॅटम, पॅराफिन, लॅनोलिन, मेण, डायमेथिकोन. झाकणात पेट्रोलॅटमच्या, म्हणजे साध्या पेट्रोलियम जेलीच्या तोडीचं काही नाही. त्वचेतून उडून जाणारं पाणी ती ९८ टक्क्यांपर्यंत अडवते, इतर तेलं साधारण २० ते ३० टक्के. १८७२ साली पेटंट झालेला हा पदार्थ अजूनही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी ॲलर्जी करणारा आहे. तिची अडचण चिकटपणाची. वाटाण्याएवढी जेली तळहातांत गरम करून ओल्या अंगावर पसरली तर तो बराच कमी होतो.

लोशन, क्रीम आणि मलम यांतला फरक मुख्यतः पाण्याचा. लोशनमध्ये पाणी सर्वांत जास्त, म्हणून ते चटकन पसरतं आणि चटकन विरतं. केसाळ अंगाला आणि दमट हवेला ते बरं. क्रीम मध्यम. मलमात पाणी नगण्य, ते टाचा, कोपर, गुडघे यांच्यासाठी. डब्याचा घाट पाहून ठरवू नका. उघडून बोटावर घ्या: उलट्या बोटावरून ओघळतं ते लोशन, टिकून राहतं ते क्रीम.

मागची यादी वाचायची सवय लावा. भारतात १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याच्या खालचे कोणत्याही क्रमाने चालतात. ही १ टक्क्याची रेषा कुठे आहे ते यादीत लिहिलेलं नसतं, पण एक खूण आहे. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकाऊपणासाठी घालतात आणि ते जास्तीत जास्त १ टक्का असतं. त्याच्या मागे ज्यांची नावं येतात ते पदार्थ चिमूटभरच. बाटलीवर मोठ्या अक्षरात बदाम आणि केशर, आणि यादीत दोन्ही फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे, असं असेल तर तुम्ही वासाचे पैसे देत आहात. ग्लिसरीन पहिल्या तिनांत असलं तर चांगली खूण. सेटेरिल अल्कोहोल, सेटिल अल्कोहोल या नावांना घाबरू नका, ते मेणासारखे मऊ करणारे पदार्थ आहेत. कोरडं करतं ते ‘अल्कोहोल डेनॅट’, तेही यादीत वर असेल तर.

सुगंध हे ॲलर्जीचं मोठं कारण आहे. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेलं घ्या. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास झाकण्यासाठी दुसरा वास घातलेलाही असू शकतो. ‘हायपोॲलर्जेनिक’ आणि ‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’ या शब्दांवर भरवसा ठेवून जास्त पैसे मोजू नयेत, त्यांमागे ठरलेली कसोटी नाही. उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख नसलेली, ‘आठ दिवसांत उजळ’ करणारी डबी घरात आणूच नका. अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडं बिघडवतो.

नवीन काहीही आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावा. एका दिवसाची चाचणी पुरत नाही, ॲलर्जी बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते.

कोकणात वेगळं, विदर्भात वेगळं

मुंबई, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात हवेतच दमटपणा असतो. तिथे वर्षातले बरेच महिने ग्लिसरीन असलेलं हलकं लोशन, तेही हातापायांपुरतं, पुरेसं होतं. पावसाळ्यात जांघा, काखा, स्तनांखालच्या घड्या, पायाच्या बोटांच्या बेचक्या यांना काहीही लावू नका. तिथे ओल कोंडली की गजकर्ण आणि चिखल्या आल्याच म्हणून समजा. दिवसभर वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्यांचं मात्र ऐन जुलैमध्येही हात आणि ओठ उलतात. त्यांनी टेबलाच्या खणात छोटी ट्यूब ठेवावी.

पुणे, नाशिक, मराठवाड्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी क्रीमशिवाय भागत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यातली कोरडी झळही थंडीइतकीच अंग सुकवते, पण तेव्हा घाम येत असल्याने जाड मलम लावलं तर घामोळं उठतं. तिथे उन्हाळ्यात लोशन रात्री लावा, सकाळी नको. कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन अपुरं पडतं. हवेत ओल नसली की ते त्वचेच्या खालच्या थरातून पाणी ओढतं आणि वर झाकण नसल्याने ते उडून जातं. त्यावर तेलाचा किंवा जेलीचा पातळ हात हवाच. परदेशातल्या थंड शहरांत हीटरने घरातली हवा सुकते तिथेही हाच नियम.

घरातलं काय चालतं

खोबरेल तेल चालतं, आणि चांगलं चालतं. इसब असलेल्या मुलांवर फिलिपिन्समध्ये ८ आठवडे तुलना केली तेव्हा व्हर्जिन खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. २४-२५ अंशांखाली ते थिजतं, ती भेसळीची खूण नव्हे. बाटली गरम पाण्यात ठेवली की झालं. मात्र पाठीवर-छातीवर पुटकुळ्या येणाऱ्यांनी आणि शिबं असलेल्यांनी तिथे तेल टाळावं. शिब्यांची बुरशी मेदाम्लांवरच वाढते.

सूर्यफूल आणि करडई यांच्या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि त्वचेला सेरामाइड तयार करायला तेच लागतं. मराठवाड्यातल्या घाण्यावरचं ताजं करडई तेल आंघोळीनंतर दोन चमचे ओल्या अंगावर फिरवायला उत्तम आहे, फक्त ते लवकर खवट होतं, म्हणून कमी घ्या आणि अंधारात ठेवा. तिळाचं तेल मधलं. ऑलिव्ह तेलाची प्रतिष्ठा मोठी, पण त्यातलं ओलेइक आम्ल त्वचेचा गिलावा सैल करतं. मोहरीचं तेल झोंबतं, लहान मुलांना तर नकोच.

कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांपासून काढलेलं मुठेल, म्हणजेच भिरंडेल, मिळतं. ते खोलीच्या तापमानाला घट्ट गोळा असतं आणि अंगाच्या उष्णतेच्या जरा वर वितळतं, म्हणून टाचेवर दिवसभर टिकून राहतं. गोळा तसाच घासू नका, वाटीत कोमट करून लावा. बाहेरच्या महागड्या ‘बटर’च्या मागे धावणाऱ्यांनी आधी हे वापरून पाहावं.

दुधाची साय तात्पुरती मऊ वाटते, पण ती अंगावर आंबते आणि उललेल्या कातडीत जंतूंना खाद्य होते. ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू या जुन्या मिश्रणातून लिंबू काढून टाका. त्याचं आम्ल भेगांना झोंबतं आणि रस अंगावर असताना ऊन लागलं तर काळे डाग पडू शकतात. औषधाच्या दुकानातलं ‘आयपी’ (भारतीय औषधकोशाच्या दर्जाचं) ग्लिसरीन एक चमचा आणि उकळून गार केलेलं पाणी किंवा गुलाबपाणी नऊ चमचे, एवढं पुरे. यात जंतुरोधक नसतो, म्हणून तीन दिवसांपुरतंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, उरलं तर टाका.

युरिया क्रीम चांगलं म्हणून खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवू नका. खताचा युरिया कडुलिंबाच्या तेलाचा मुलामा दिलेला असतो आणि त्यात इतर अशुद्धीही असतात. क्रीममधला युरिया शुद्ध केलेला आणि मोजून घातलेला असतो.

टाचांच्या भेगा

तळपायाला तेलग्रंथी नसतात. कातडी जाड, वर अंगाचं सगळं वजन, उघडी चप्पल आणि दिवसभर फरशीवर उभं राहणं. टाच दाबली की बाजूला पसरते आणि कोरडी कातडी ताणाने फाटते. नुसतं वर क्रीम फासून जाड थराखाली काही पोचत नाही, म्हणून क्रम पाळावा लागतो.

रात्री पाय कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं ठेवा. पाण्यात मीठ किंवा सोडा नको. टिपून घ्या आणि वज्री किंवा खरखरीत दगड एकाच दिशेने, हलक्या दाबाने, एका टाचेला फार तर दोन मिनिटं फिरवा. गुलाबी कातडी दिसू लागली की थांबा. आठवड्यातून दोनदाच. रोज घासलं की कातडी उलट आणखी जाड होते. मग १० ते २५ टक्के युरियाचं क्रीम टाचेच्या कडांना लावा, पाच मिनिटांनी त्यावर पेट्रोलियम जेलीचा किंवा मुठेलाचा थर, आणि सुती मोजे घालून झोपा. घासायचं नसेल त्या रात्री पाय फक्त धुऊन, टिपून क्रीम-जेली-मोजे एवढंच करा. दोन आठवड्यांत कडा मऊ होतात, भेगा पूर्ण भरायला चार लागतात. दिवसा मागून बंद असलेली चप्पल घातली तर हे दिवस कमी होतात. टाचेच्या सुटलेल्या कडा ब्लेडने कापू नका.

भेगेतून रक्त येत असेल तर युरिया आणि लॅक्टिक आम्ल थांबवा, ते चांगलेच झोंबतात. भेग बंद होईपर्यंत फक्त जेली आणि मोजे. मधुमेह असलेल्यांनी पाय भिजवणं, वज्री आणि दगड हे सगळं टाळावं. संवेदना कमी असल्याने भाजलेलं किंवा खरचटलेलं कळत नाही. त्यांनी क्रीम लावावं, पण बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्या आणि रोज उजेडात तळवे पाहावेत.

भांड्यांची वडी आणि धुण्याची पावडर यांनी हात उलतात, त्यावर क्रीमपेक्षा रबरी हातमोजे महत्त्वाचे, आणि त्यांच्या आत पातळ सुती मोजे, नाहीतर घामाने हात आणखी बिघडतात. हातमोजे सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालू नका. काम झालं की हात धुवा, टिपा, प्रत्येक पंजाला पेरभर क्रीम लावा, बोटांच्या मधे आणि नखांच्या कडांनाही. दंडांवर काट्यासारखे खरखरीत दाणे असतात त्यांना १२ टक्के लॅक्टेटचं लोशन किंवा १० टक्के युरिया दोन महिने लावा. लॅक्टेटने ऊन जास्त बाधतं, म्हणून ते रात्री.

तान्ही मुलं आणि वडीलधारी

बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचा पसारा मोठा, म्हणून अंगाला लावलेलं जास्त प्रमाणात आत जातं. खोबरेल किंवा सूर्यफूल तेल, नाहीतर बिनवासाचं साधं क्रीम, एवढंच. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना घरातल्यांनी आधीच सांगून ठेवावं की लव जावी म्हणून डाळीचं पीठ किंवा कणकेचा गोळा चोळायचा नाही. लव आपोआप जाते, चोळून पुरळ मात्र येतं. नाकात-कानात तेल सोडायचं नाही. तेलाच्या हातांनी बाळ निसटतं, तेव्हा तेल लावल्यावर उचलण्याआधी आपले तळवे पुसावेत.

साठीनंतर तेलग्रंथी मंदावतात. आजी-आजोबांच्या नडग्यांवर आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा दिसतात आणि रात्री खाज झोप लागू देत नाही. थंडीत त्यांनी साबणाने एक दिवसाआड आंघोळ केली तरी चालते. त्यांचा हात पाठीपर्यंत पोचत नाही, तिथे घरातल्या कुणीतरी लावून द्यावं. तळपायांना लावल्यावर मोजे न घालता फरशीवर चालू देऊ नका, घसरून खुब्याचं हाड मोडतं. आणखी एक धोका फारसा कुणी सांगत नाही: पॅराफिन, जेली किंवा तेल मुरलेलं कापड चटकन पेट घेतं आणि भडकतं, धुतल्यावरही अंश उरतो. रोज जाड मलम लावणाऱ्यांनी गॅसपाशी, निरांजनापाशी आणि विडी-सिगारेटच्या जवळ सांभाळावं.

बिघडतं कुठे

लावल्या-लावल्या चुरचुरलं आणि दोन-तीन मिनिटांत शमलं, लाली नाही, तर ते उललेल्या कातडीमुळे. आठवडाभर साधी जेली लावा, मग पुन्हा तेच क्रीम घेऊन पाहा. लाली टिकली, खाज वाढली, कडेने बारीक पाणीदार फोड आले तर ती ॲलर्जी: बंद करा आणि यादीतला सुगंध किंवा लॅनोलिन तपासा. मांड्यांवर केसतोड उठत असतील तर थर जाड आहे, उलट्या दिशेने चोळलं जातंय किंवा वर घट्ट कपडा आहे. लावल्यावर मळासारख्या वळ्या निघत असतील तर खालचा थर सुकण्याआधी वर सनस्क्रीन गेलंय. दहा मिनिटं थांबा.

डब्यात ओली बोटं घालू नका, कोरडा चमचा वापरा. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या बाटलीत पाणी आणि तेल वेगळं दिसू लागलं, किंवा वास बदलला, तर ती हलवून वापरायची नाही, टाकायची. झाकण उघडलेल्या डबीचं चित्र आणि त्यात ‘१२’ अंक असेल तर उघडल्यापासून १२ महिने.

दोन आठवडे आंघोळ सुधारून, मोजून, ओल्या अंगावर लावूनही खाज हटत नसेल तर तो नुसता कोरडेपणा नाही. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात दुसऱ्यालाही तेच, म्हणजे खरूज. कडा उठलेले गोल चट्टे म्हणजे गजकर्ण. त्यावर दुकानदाराने पुढे केलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली तर आठ दिवस बरं वाटून ते दुपटीने पसरतं. पुरळ नसताना सगळ्या अंगाला खाज असेल तर साखर, थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत तपासावं लागतं. फिकट किंवा लालसर चट्टा कोरडा आहे आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळत नाही, तर क्रीम लावत दिवस घालवू नका. कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, उपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे आणि लवकर सुरू झाला तर व्यंग येत नाही.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी सकाळपासून अंगाला काहीही लावू नका, क्रीमच्या थरामुळे चट्ट्याची कड आणि कोंडा दिसत नाही आणि बुरशीच्या तपासणीसाठी खरवडून घ्यायला अडचण येते. गेल्या महिनाभरात वापरलेल्या सगळ्या बाटल्या आणि ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या.